तेलाचा हात

सोमवारी नवी तुकडी आली, तेव्हा दिवस सुरू व्हायच्या आधीच तिच्या टाचा दुखत होत्या. एकोणीस वर्षं ती गॅस वेल्डिंग शिकवत होती. दर सहा महिन्यांनी बारा नवे चेहरे यायचे, आणि ती तीच दोन सिलिंडरं पुढ्यात घेऊन तीच वाक्यं त्याच क्रमानं म्हणायची. कार्यशाळेतला पंखा धूर बाहेर फेकायचा तसा बोलणंही बाहेर फेकायचा, त्यामुळे दुपारपर्यंत घसा बसायचा. घरी गेल्यावर नवऱ्यानं काही विचारलं की ती मानेनं उत्तर द्यायची. तिची मुलगी म्हणायची, "आईचा आवाज संस्थेत जमा असतो."

तिनं हजेरीचा कागद उचलला आणि न बघता नावं पुकारायला सुरुवात केली. अकरा झाली. बाराव्या नावाशी ती अडखळली, कारण आडनाव तिचं माहेरचं होतं.

"हजर, मॅडम," मागून आवाज आला.

शेवटच्या स्टुलावर तिचा थोरला भाऊ बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी, आणि चेहरा असा की जणू या बाईला तो जन्मात पहिल्यांदाच बघतोय.

तिनं त्याच्या नावापुढे खूण केली.

दादा बावन्न वर्षांचा. सगळा जन्म त्यानं आर्क वेल्डिंग केलं होतं, म्हणजे विजेवरचं. फाटकं, जाळ्या, जिन्यांचे कठडे. हात इतका साफ की त्याचा जोड बोटानं चाचपला तरी कळू नये. पण ज्या कारखान्यात तो होता तो दुसऱ्या गावी हलला आणि दादा घरी बसला. मग एका शीतगृहातला देखरेख करणारा ओळखीचा निघाला. तो म्हणाला, जागा आहे, पण आमच्याकडे पाइपांचं काम, सगळं गॅसवर, तेवढं गॅसचं प्रमाणपत्र आण. आणि गावात गॅसचा वर्ग एकच होता.

जेवणाच्या सुट्टीत ती त्याला नळापाशी गाठून म्हणाली, "सांगायचं तरी होतंस."

"काय सांगायचं? तुझ्या हाताखाली येतोय म्हणून?" दादा हात धूत म्हणाला. "तुझी वहिनी म्हणाली, वन्संना फोन करा. मी म्हटलं, नको. रांगेतून अर्ज केलाय, रांगेतूनच आलोय."

"वर्गात मी तुला तुम्ही म्हणणार."

"म्हण. मी पण मॅडम म्हणतोय ना? जीभ जड होते, पण म्हणतोय. चिमे, एक सांग, रोज नुसतं सिलिंडर-सिलिंडरच चालणार आहे का? पेटवायची टॉर्च कधी मिळणार?"

"शनिवारी."

"देवा," दादा म्हणाला.

लहानपणी ती अंगानं चिमणीएवढी होती, म्हणून चिमी. आता तिला चिमी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता, आणि मधली बरीच वर्षं तर तोही तिच्याशी बोलत नव्हता. ती विशीत असताना तिनं गॅस वेल्डिंगला नाव घातलं, तेव्हा दादानं घर डोक्यावर घेतलं होतं. "बाबांचं काय झालं ते बघितलंस ना? आगीशी खेळायची हौस कशाला?" असं म्हणाला आणि तोंड फिरवलं. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, बाबा गेले, मग आई गेली, आणि बोलणं सुरू झालं. पण लग्नाकार्यापुरतं आणि आजारपणापुरतं.

बाबांचं झालं ते असं. त्यांचं स्वतःचं छोटं दुकान होतं, गॅस वेल्डिंगचं. ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी दुकानात भडका उडाला. बाबांचा डावा डोळा गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं कामातून गेली. कसं झालं हे घरात कुणी तपशिलानं बोललं नाही. बाबा एवढंच म्हणायचे, "सिलिंडरच खराब होतं." मग त्यांनी गॅसचं सगळं सामान विकलं आणि विजेचं मशीन आणलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, रेग्युलेटर जोडायचा धडा होता. सिलिंडरमधला दाब रेग्युलेटर कमी करतो आणि कामापुरता पुढे सोडतो. तो बसवायला एक पितळी नट असतो. तिनं तो हातात धरून दाखवला.

"ॲसिटिलीनच्या, म्हणजे जळणाऱ्या गॅसच्या, नटाला खाच असते. तो उलटा फिरतो. ऑक्सिजनचा सरळ. म्हणजे झोपेत जोडलात तरी चूक व्हायची नाही. पण तुम्ही झोपेत जोडू नका."

पोरं हसली. हा विनोद ती एकोणीस वर्षं करत होती आणि पोरं एकोणीस वर्षं हसत होती.

"आता ऐका. ऑक्सिजनचा नट घट्ट असला तर जोर करायचा नाही. तेलाचा हात तर अजिबात लावायचा नाही. तेल नको, ग्रीस नको, डोक्याला तेल चोपडून तोच हात नको. नट फिरत नसेल तर सिलिंडर परत करा आणि दुसरं घ्या."

पहिल्या रांगेत एक उंच पोरगा होता. सगळे त्याला लांब्या म्हणायला लागले होते. त्यानं विचारलं, "मॅडम, एखादा थेंब लावला तर काय होतंय?"

"ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण सिलिंडरमध्ये त्याचा दाब भयंकर असतो. व्हॉल्व्ह उघडला की तो एकदम रेग्युलेटरमध्ये घुसतो आणि तापतो. तिथं तेल असलं की काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. आपोआप पेटतं, आणि पितळसुद्धा जळतं. जो समोर उभा असेल त्याच्या तोंडावर येतं. म्हणून व्हॉल्व्ह उघडताना समोर उभं राहायचं नाही. बाजूला उभं राहायचं आणि सावकाश उघडायचं."

"लगेच पेटतं?" हे दादानं विचारलं.

"उघडल्याबरोबर."

"आदल्या दिवशी संध्याकाळी लावलेलं असलं तर? सुकत नाही?"

"तेल कसं सुकेल? आठवड्यानं उघडलं तरी तेच."

"शिवणयंत्राचं तेल असतं, पातळ. ते?"

"कुठलंही," ती म्हणाली आणि पुढच्या मुद्द्याकडे, साबणाच्या पाण्यानं गळती कशी बघायची तिकडे, वळली. बादलीवरून मान वर केली तेव्हा शेवटचं स्टूल रिकामं होतं. डब्याची पिशवी तिथंच होती.

तिला वाटलं, कंटाळून बाहेर गेला असेल. दुपारनंतरही तो आला नाही. तिला राग आला. रांगेतून आलोय म्हणतो, आणि दुसऱ्याच दिवशी दांडी. संध्याकाळी तिनं त्याची पिशवी आपल्या कपाटात ठेवली. डबा भरलेलाच होता. तो तिनं तिथल्या पहारेकऱ्याला दिला, धुऊन परत आणला. बुधवारी तो आला नाही. गुरुवारी नाही. फोन उचलेना.

शुक्रवारी दुपारी वहिनींचा फोन आला.

"वन्सं, तुम्ही ह्यांना वर्गात काही बोललात का हो?"

"मी? मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही, वहिनी."

"मंगळवारपासून धड जेवले नाहीत. विचारलं की म्हणतात, काही नाही. दिवसभर गच्चीवर जाऊन कठडा घासत बसतात. मला भीती वाटते हो. तुम्ही या एकदा."

तिला नाही म्हणायचं होतं. आठवडाभर ती सिमेंटच्या फरशीवर उभी होती, शनिवार अजून जायचा होता, आणि दादाचं घर चार मजले वर, बिनलिफ्टचं. पण संस्थेचा नियम होता, सलग चार दिवस गैरहजर राहिलं की नाव कापायचं. उद्या चौथा दिवस. वर्ग सुटल्यावर ती गेली. दुसऱ्या मजल्यावर थांबली, एका अनोळखी दारासमोर जिन्यावर बसली, आणि पुन्हा उठली.

वहिनींनी पाणी दिलं आणि बोटानं वर दाखवलं.

गच्चीचा लोखंडी कठडा दादानंच कधीतरी केलेला होता. तो पॉलिश पेपरनं त्याचा गंज काढत होता. तिला बघून थांबला नाही.

"उद्या नाव कापतील," ती म्हणाली.

"कापू दे."

"वहिनी रडकुंडीला आल्यात. नोकरी दारात आलीय. आणि तू इथं..." ती टाकीच्या कट्ट्यावर बसली. "दादा, चार मजले चढून आलेय मी. काय झालंय ते सांग, नाहीतर खाली जाते."

त्यानं कागद खाली ठेवला. हात गंजानं लाल झाले होते.

"चिमे, तो नट मी लावला होता."

तिला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, मंगळवारी वर्गातलाच कुठला तरी.

"बाबांच्या रेग्युलेटरचा. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा कुणाकडे तरी माप घ्यायला गेले होते. जाताना म्हणाले, नवीन सिलिंडर आलंय, जोडून ठेव. पहिल्यांदाच मला एकट्याला सांगितलं होतं. मी पंधरा वर्षांचा. नट काही केल्या फिरेना. पाना लावला, लोंबकळलो, तरी नाही. मग घरी पळत आलो, आईच्या मशीनची तेलाची कुपी नेली आणि दोन थेंब सोडले. लोण्यासारखा फिरला." तो कठड्याला टेकला. "मी किती खूश होतो तुला सांगू. कुणाला बोललो नाही. म्हटलं, बाबांना वाटू दे, पोराच्या मनगटात जोर आलाय."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"मला कुणी सांगितलंच नाही गं," दादा म्हणाला. "सदतीस वर्षं. नंतर मी गॅसला हात लावला नाही, मला कुठून कळणार? सिलिंडर खराब, सिलिंडर खराब, हेच मी बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं. आणि परवा तू तिथं उभी राहून, त्या पोरांसमोर..."

"मला माहीत नव्हतं, दादा."

"तुला कोण दोष देतंय."

तिच्या मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ती कोर्सला निघाली, तेव्हा दादा ओरडत होता, आई रडत होती, आणि बाबा एका डोळ्यानं वर्तमानपत्र वाचत होते. ती दाराबाहेर पडताना ते उठून मागे आले आणि हळूच म्हणाले, "तिथं तेलाचं सांगतात का गं? ऑक्सिजनला तेल लागू द्यायचं नाही ते?" ती म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात सांगतात म्हणे." बाबा म्हणाले, "मग जा." एवढंच. तिनं पुढे कधी त्याचा विचार केला नाही. कदाचित करायचा नव्हता म्हणून.

हे आता याला सांगावं का? सांगून बरं वाटेल की आणखी खचेल? एरवी तिनं दोन दिवस विचार केला असता, नवऱ्याला विचारलं असतं. पण आज अंगात त्राण नव्हतं, आणि एवढं ओझं घेऊन पुन्हा चार मजले उतरायची तिची तयारी नव्हती.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.



"त्यांना तेलाचं कळलं होतं. ते मी केलं, हे कशावरून?"

"दुकानात हात लावणारे दोघंच होते ना रे."

दादानं पॉलिश पेपर उचलून चुरगळला. त्याचा आवाज चढला होता. "मग एक थोबाडीत का नाही मारली? घराबाहेर काढायचं होतं. वर्षभर मला दुकानात कशालाही हात लावू दिला नाही, मला वाटलं, डोळा गेल्यामुळे चिडचिडे झालेत. मग आर्कचं मशीन आणलं, म्हणाले, तुला हेच शिकायचंय. मी त्यांना म्हातारपणी किती टाकून बोललो, चिमे! तुमच्या खराब सिलिंडरपायी माझी शाळा सुटली, असं म्हणालो. तोंडावर. आणि हा माणूस गिळून गप्प बसला. का?"

"मला नाही माहीत."

"तू एवढी मास्तरीण, काहीतरी सांग की!"

"मला नाही माहीत, दादा. माझे पाय ठणकतायत. मला एवढंच माहीत आहे की उद्या आठ वाजता हजेरी आहे. ये, नाहीतर येऊ नकोस. तुझी समजूत घालायची माझ्यात ताकद नाही."

खाली उतरल्यावर वहिनींनी चहा दिला. तो तिनं उभ्याउभ्याच घेतला, कारण बसली असती तर उठली नसती.

शनिवारी आठला दादा नव्हता. सव्वाआठला आला. दाढी केलेली नव्हती. तिनं घड्याळाकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, आणि हजर लिहिलं.

त्या दिवशी प्रत्येकानं स्वतः सिलिंडर उघडायचं, टॉर्च पेटवायची आणि ज्योत लावायची होती. एकेक पुढे येत होता. आधी थोडं ॲसिटिलीन सोडायचं, ठिणगीनं पेटवायचं. पिवळी, काजळी ओकणारी ज्योत. मग हळूहळू ऑक्सिजन. ज्योत निळी होते, आत एक पांढरा सुळका दिसतो. सुळक्याभोवती पिसासारखी शेपूट असेल तर गॅस जास्त, ऑक्सिजन वाढवा. शेपूट सुळक्यात विरून गेली की थांबा. सुळका टोकदार होऊन फुसफुसायला लागला तर ऑक्सिजन जास्त झाला. लांब्यानं पहिल्याच झटक्यात "फट्ट" असा आवाज काढून ज्योत विझवली आणि स्वतःच दोन पावलं मागे उडाला. सगळे हसले.

दादाची पाळी आली. तो ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या बाजूला, सांगितलं होतं तिथं, उभा राहिला. व्हॉल्व्हवर हात ठेवला. आणि हात तिथंच राहिला.

एक मिनिट गेलं. पोरांना आधी वाटलं, काका काहीतरी गंमत करतायत. मग त्यांच्या लक्षात आलं की काकांच्या कपाळावरून घाम ओघळतोय.

"मी उघडू का, काका?" लांब्या पुढे झाला.

"नको," दादा म्हणाला.

तिला वाटलं, आपण जाऊन हात धरावा. पण ती गेली नाही. तिनं बाकीच्यांना दुसऱ्या टेबलावर पत्रे घासायला बसवलं आणि स्वतः दादाशेजारी, त्याच्याच बाजूला, उभी राहिली.

"नट बघितला?" तिनं विचारलं.

"बघितला. तीनदा पुसला."

"कशानं?"

"कोरड्या फडक्यानं. नवीन आहे. घरून आणलंय."

"मग उघडा. घाई नाही."

अर्धा तास गेला असेल. मध्ये तो एकदा खुर्चीवर जाऊन बसला, पाणी प्यायला, परत आला. तिनं पाय बदलले, या टाचेवरून त्या टाचेवर. शेवटी रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा हलला. शून्यावरून सावकाश, इतका सावकाश की तिला आधी भास वाटला, चढत गेला आणि स्थिरावला. दादानं श्वास सोडला, तो दुसऱ्या टेबलापर्यंत ऐकू गेला.

पुढचं त्याला सोपं जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तसंही झालं नाही. आर्कचा हात झपाझप चालणारा. गॅसला वाट बघावी लागते. लोखंड तापून त्याचं लहानसं डबकं होईपर्यंत थांबायचं आणि मग ते डबकं हळूहळू पुढे चालवायचं. दादा पहिले आठ दिवस पत्र्याला नुसती भोकं पाडत होता. तो इतका चिडायचा की टेबलावर मूठ आपटायचा.

"काका, चाळण छान झालीय," लांब्या म्हणायचा.

"तुझ्या लग्नात आहेर करतो," दादा म्हणायचा.

ती मागून फेरी मारताना फक्त म्हणायची, "हात खाली. थांबा. अजून थांबा." एकदा तो वैतागून म्हणाला, "थांबून थांबून म्हातारा होईन." ती म्हणाली, "झालातच की." हे वर्गाला फार आवडलं.

बाबांचं नाव त्यांच्यात पुन्हा निघालं ते एकदाच. एका दुपारी रॉडचे तुकडे गोळा करताना दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगितलं मी. पोरांनाही."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. रडली. मग म्हणाली, तुम्ही पंधरा वर्षांचे होता. हे मला पण माहीत आहे. पण त्यानं काही हलकं होत नाही, चिमे."

"नसेल होत," ती म्हणाली.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी प्रत्येकाचा जोड यंत्रात घालून वाकवून बघितला. दादाचा पहिला जोड वाकवताना चिरला. ती खोलीबाहेर होती; नियमानं तिला आत जाता येत नव्हतं. दुसरी संधी होती. तासाभरानं दादानं दुसरा तुकडा दिला, तो वाकला आणि टिकला. बारांत तो सहावा आला. लांब्या पहिला आला आणि त्याबद्दल त्यानं सगळ्यांची माफी मागितली.

शीतगृहाची जागा मात्र तोवर भरली गेली होती. देखरेख करणारा म्हणाला, इतके दिवस कसं थांबणार? दादानं दोन महिने इकडेतिकडे आर्कचं काम केलं. मग जो माणूस घेतला होता तो सोडून गेला आणि त्यांनी दादाला बोलावलं. पण हे नंतर.

निकालाच्या दिवशी दोघं एकाच बसनं निघाले. तिला खिडकीची जागा मिळाली. तिनं बुटातून टाचा बाहेर काढल्या.

"सोमवारी परत नवीन बारा?" दादानं विचारलं.

"हो."

"परत उलटा नट, सरळ नट?"

"हो."

"कसं करतेस गं तू हे रोज?"

"उभी राहून," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तिचा थांबा सातवा, त्याचा नववा. पाचव्या थांब्याला तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. सातव्याला तो तिला उठवणार होता, पण मनाशी म्हणाला, एक थांबा जाऊ दे. मग त्याचाही डोळा लागला. वाहकानं हलवून उठवलं तेव्हा बस शेवटच्या थांब्यावर रिकामी उभी होती.

"मला उठवायचं होतंस ना!" ती बुटात पाय कोंबत म्हणाली.

"मास्तरीण तू. वेळेचं भान तुला पाहिजे."

परतीच्या बसला वेळ होता. दोघं चालत निघाले, आणि पहिल्या चौकापर्यंत कोण जास्त घोरत होतं यावर भांडत गेले.